मे महिन्यातली पाहणी

सिलिकॉनचा वास आंबट असतो. काचांच्या सांध्यांत भरलेले ते पांढरट, लिबलिबीत द्रव्य सुकत नाही तोवर शिरक्याची बाटली कोणी उघडी विसरून गेल्यासारखे हवेत चरचरत राहते. वारा पडला की तो आंबटपणा मोगऱ्यावर चढतो, ओल्या कपड्यांवर चढतो, चहाच्या कपावर येऊन बसतो. तो एप्रिल मला त्या वासासकट आठवतो. आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांच्या गच्चीवर काचेची खोली उभी राहत होती. दोन बंगले सोडून माझे अंगण. सकाळी वाळत घातलेली साडी संध्याकाळी घडी घालायला हातात घ्यावी, तर पदराला तोच वास.

आमची वसाहत लोणावळ्याहून औंढ्याकडे जाताना लागते. एके काळी इथे भाताची खाचरे होती. आता उतरत्या लाल छपरांचे, सायीच्या रंगाचे पंचवीसएक बंगले आहेत. त्यांतले बहुतेक शुक्रवारी रात्री उघडतात आणि रविवारी दुपारी मिटतात. बारमाही राहणारी पाच-सहा घरे, त्यांत माझे एक. आयुष्यभर मी महाविद्यालयात कविता शिकवली, निवृत्त झाले आणि धुक्याच्या लोभाने इथे आले. मराठी बरे लिहिते, अक्षर वळणदार आहे आणि दुपारी मोकळी असते, एवढ्या भांडवलावर मला सोसायटीची सचिव केले गेले.

कामाचा मोठा भाग एका नियमाभोवती फिरे. बंगल्याच्या बाह्य स्वरूपात कोणताही बदल समितीच्या लेखी मंजुरीशिवाय करू नये. खरे सांगायचे तर तो नियम मला आवडे. छपरांचा एकच उतार, भिंतींचा एकच रंग, कुंपणाची एकच उंची. संध्याकाळी वरच्या वळणावरून पाहिले की ओळीओळीने म्हटलेल्या वृत्तासारखी वसाहत दिसे. वृत्तात एक मात्रा जास्त झाली की ती खटकते, हे मी पस्तीस वर्षे मुलांना शिकवले होते. घरांच्या बाबतीतही ते खरे असावे असे मी धरून चालले. कोणाच्या ओळीत मात्रा मोजायच्या आणि कोणाच्या ओळीत कानाडोळा करायचा, हे ठरवणारा कोण, हा प्रश्न मला पडला नाही. पडायला हवा होता.

कारण मी स्वतःच कानाडोळ्याची लाभार्थी होते. मधुमालतीसाठी मला दर्शनी भिंतीवर लोखंडी जाळी हवी होती. मी अध्यक्षांना फोन केला.

“अहो मॅडम, विचारता काय? लावा! सोसायटीची शोभाच वाढेल.”

जाळी मंगळवारी लागली. अर्ज मी गुरुवारी लिहिला आणि त्याखाली मंजुरीचा शेराही मीच लिहिला. अध्यक्षांनी मोटारीच्या टपावर कागद ठेवून सही केली.

त्यांच्या काचेच्या खोलीची मंजुरी त्याहून सोपी होती. क्लबहाउसमध्ये सभा होती. गुलाबाच्या नावाखाली विकला जाणारा कसलासा सुगंध तिथे फवारलेला असे. तो घशाच्या मागच्या बाजूला जाऊन चिकटे. पेस्ट्री वाटून झाली, अध्यक्षांनी मोबाइलवर एक चित्र फिरवले, “गच्चीवर थोडं ग्लास वर्क करतोय, पाहुण्यांसाठी,” म्हणाले, आणि माझ्या बशीतला केक संपण्याआधी मी ‘सर्वानुमते मंजूर’ लिहूनही टाकले होते. वसाहतीच्या त्या एकसारख्या उतारांवर आता एक चौकोनी काचपेटी चढणार होती. ती मात्रा कोणी मोजली नाही.

त्याच आठवड्यात चौदा नंबरचा अर्ज आला.

चौदा नंबर म्हणजे पश्चिमेचा शेवटचा बंगला. त्याच्यापुढे कुंपण, कुंपणापुढे दोन खाचरे, आणि मग घाटाची कड. जून ते सप्टेंबर पाऊस तिकडून येतो, आणि तो वरून पडत नाही, आडवा येतो. ती झड सगळ्यांत आधी या एका भिंतीवर आपटते आणि मग उरलेली आमच्यापर्यंत पोचते. तिथे एक मुलगी आणि तिचे वडील राहत. मुलगी म्हणजे पस्तिशीची बाई. आंबीजवळच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करण्याच्या कामावर. सकाळी साडेसहाला कंपनीची बस तिला नाक्यावरून उचली. वडील रेल्वेत गँगमन होते. घाटातला लोहमार्ग पायी तपासत त्यांचा जन्म गेला होता. त्यांना सगळे आबा म्हणत. ते लोक बौद्ध होते. हे वसाहतीत कोणी बोलत नसे आणि कोणी विसरत नसे.

मावळात झडीच्या भिंतीला आडोसा करायची रीत जुनी आहे. मृगाच्या आधी गावोगाव लोक पावसाकडच्या भिंतीला पेंढा नाहीतर कारवीचा कूड बांधत. आता पत्रा लावतात. अर्जात तेवढेच मागितले होते. रेघांच्या कागदावर मुलीचे नेटके अक्षर, आणि सोबत आबांनी पेन्सिलीने काढलेली आकृती. तशी आकृती मी पूर्वी पाहिली नव्हती. भिंतीचा चौकोन, त्यावर वाऱ्याचे बाण, पाणी कुठल्या फटीतून शिरते तिथे फुली, कुठे साचते तिथे गोल. आणि भिंतीपासून चार बोटे अंतर सोडून उभी केलेली पत्र्याची रेघ. खाली वाकड्यातिकड्या अक्षरांत: ‘मधे वारा खेळता ठेवणे.’ ती ओळ मला कवितेसारखी वाटली आणि मी ती मनात दोनदा म्हटली. त्यापलीकडे मी त्या ओळीसाठी काही केले नाही.

पत्र्याचा रंग निळा लिहिला होता.

सभेत मी अर्ज वाचला. पेस्ट्री त्या दिवशीही होती.

“पत्रा?” अध्यक्ष म्हणाले. “आपली काय चाळ आहे?”

“आणि तोही निळा,” खजिनदार म्हणाले. हे गृहस्थ कुठल्याशा बँकेतून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले. बोलताना बोटांना लागलेली पेस्ट्रीची साय रुमालाला पुसत होते. “आज निळा पत्रा, उद्या गेटावर निळा झेंडा. मग बसा जयंतीला डीजे ऐकत!”

हशा झाला. मोठा नाही, हसू ऐकू जाऊ नये पण हसलो हे कळावे, तेवढा. अध्यक्ष म्हणाले, “अहो, तसं नाही बोलायचं हं,” आणि स्वतःच खांदे हलवत हसले. क्लबहाउसच्या खिडकीतून पोहण्याचा तलाव दिसत होता. त्याच्या फरश्या तळापासून काठापर्यंत निळ्या होत्या.

मी हसले नाही. पण मी वरही पाहिले नाही. पेनचे टोपण काढले, पुन्हा लावले. मग इतिवृत्तात लिहिले: ‘रंगसंगतीच्या दृष्टीने प्रस्ताव विचाराधीन ठेवण्यात आला. स्थळपाहणी करावी.’ खजिनदारांच्या तोंडातून निघालेली घाण मी स्वच्छ धुऊन, इस्त्री करून, घडी घालून कागदात ठेवली. रंगसंगती! त्या शब्दाला तेव्हापासून मला एक वास येतो, रुमालाला लागून विटलेल्या सायीचा.

पाहणी मे महिन्याच्या मधल्या एका रविवारी झाली. मी आणि अध्यक्ष गेलो. त्यांनी काळा चष्मा लावला होता, मी उन्हाची छत्री धरली होती. मुलगी कारखान्यात होती. तिची साप्ताहिक सुटी गुरुवारी असे, आणि हे आम्हाला ठाऊक होते. आम्ही कुंपणाच्या फाटकातून आत शिरून बाहेरच्या बाहेर पश्चिमेच्या भिंतीशी गेलो. भिंत उन्हाने इतकी तापली होती की तळवा टेकवताच मागे घ्यावा लागला. पण त्याआधी मी पाहिले होते. माझ्या छातीच्या उंचीपर्यंत भिंतीवर एकावर एक पिवळट, तपकिरी कडा उमटल्या होत्या, ओहोटीच्या पाण्याने वाळूवर सोडाव्यात तशा. प्रत्येक पावसाळ्याने आपण कुठवर चढलो त्याची खूण करून ठेवली होती. रंगाचे पोपडे बोट लावताच गळत होते.

“कोरडी ठणठणीत आहे की,” अध्यक्ष म्हणाले. “लिहा, मॅडम.”

खिडकीच्या जाळीआड आबा उभे होते. जाळीमुळे त्यांचा चेहरा बारीक बारीक चौकटींत तुटला होता.

“आत या की, बाई,” ते म्हणाले. “च्या घ्या. आतून बगा भित. भायरून काय कळायचं न्हाई.”

“नको नको, आबा,” अध्यक्षांनी हात उंचावला. “एक्स्प्रेसवेला गर्दी व्हायच्या आत पुण्याला निघायचंय.”

“मी येईन पुन्हा, आबा,” मी म्हणाले.

मी गेले नाही. ते राहायला आल्यापासूनच्या चार वर्षांत त्या घरात समितीतले कोणी चहा प्यायलेले नव्हते. मीही नाही. माझ्यापाशी कारणे होती. एकदा घाई होती, एकदा चप्पल चिखलाची होती, एकदा नुकताच घेतला होता. सुशिक्षित माणसाला कारणे फार लवकर सापडतात, आणि ती सगळी सुसंस्कृत असतात.

घरी येऊन मी लिहिले: ‘प्रत्यक्ष पाहणी केली असता भिंत पूर्णतः कोरडी आढळली. सबब आडोशाची निकड दिसून येत नाही.’ पहिल्या वाक्यातला शब्दन् शब्द खरा होता. लोणावळ्यात मे महिन्यात सगळ्याच भिंती कोरड्या असतात, विहिरींचे तळसुद्धा. पावसाच्या भिंतीची पाहणी उन्हाळ्यात करून ती निरोगी ठरवायची, ही चूक इथे जन्मलेल्या कोणाकडून झाली नसती. ती आमच्यासारख्यांनाच सुचू शकते, जे धुक्यासाठी इथे येतात.

पुढच्या गुरुवारी मुलगी माझ्या फाटकाशी आली. सुटी असूनही तिला अर्ध्या दिवसासाठी बोलावले असावे. अंगावर कंपनीचा करडा शर्ट होता आणि तिच्याभोवती यंत्राच्या तेलाचा थंड, धातूसारखा वास होता. हातात दुसरा अर्ज होता. ती नेमकी माझ्या मधुमालतीखाली उभी राहिली.

“मॅडम, रंग निळाच हवा असं काही नाही आमचं. दुकानात त्या जाडीचा तोच होता, म्हणून लिहिला. तुम्ही सांगाल तो लावते. क्रीम लावते. गुलाबी म्हणालात तर गुलाबी लावते.”

“प्रश्न रंगाचा नाही गं. समितीचं म्हणणं, पत्र्यामुळे एकसारखेपणा…”

“मागच्या कागदात रंगाचा होता.”

तिने वर पाहिले. गुलाबी-पांढरे घोस वाऱ्याने हलत होते.

“ही जाळी छान दिसते. किती दिवसांत मंजूर झाली, मॅडम?”

टोमणा नव्हता. ज्या आवाजात ती दिवसभर मालाची मापे विचारत असेल, त्याच आवाजात तिने ते विचारले, आणि उत्तरासाठी थांबली.

“आठवत नाही आता,” मी म्हणाले.

“असू दे.” तिने अर्ज माझ्या हातात दिला. “आबा खालच्या खोलीत झोपतात. गुडघे गेलेत, जिना चढवत नाही. आणि खाली झोपायची खोली ती एकच. मागच्या पावसाळ्यात दोनदा दवाखान्यात ठेवलं होतं त्यांना, छाती भरली म्हणून. डॉक्टर म्हणाले, ओल हटवा, नाहीतर माणूस हटवा. यंदा तेवढं टळावं. बाकी आमचं काही म्हणणं नाही. तुम्ही लिहिलंत तर ऐकतील ते.”

ती गेल्यावर मी अध्यक्षांना फोन केला. एवढे मी केले.

“वार्षिक सभेत घेऊ, मॅडम.”

“वार्षिक सभा सप्टेंबरात असते.”

“मग? इतकी वर्षं पाऊस पडतोच आहे की. सप्टेंबरपर्यंत काही भिंत वाहून जात नाही.”

मी म्हणाले, बरं. हा शब्द मी इतक्या मऊ आवाजात म्हणू शकते, की माझ्याच जिभेवर त्याचा बुळबुळीतपणा जाणवतो.

जुलै आला. तोवर पावसाला महिना होऊन गेला होता. मिठाला पाणी सुटले, पुस्तकांच्या पाठी फुगल्या, काडेपेटीतल्या काड्या न पेटता तुटू लागल्या. भुशी धरणाकडे जाणाऱ्या मोटारींचे भोंगे शनिवार-रविवारी धुक्यातून येत आणि धुक्यातच विरत. एका सकाळी मागच्या दारी उभी असताना माझ्या लक्षात आले की अध्यक्षांच्या गच्चीवरची काचपेटी दिसत नाही. ती गळत होती. तो आंबट सिलिकॉन आडव्या पावसापुढे टिकला नव्हता. त्यांच्या बंगल्याची देखभाल करणाऱ्या जोडप्याने तिच्यावर ताडपत्री टाकून पिवळ्या दोरीने आवळून बांधली होती. ताडपत्री निळी होती. चकचकीत, भडक निळी. वाऱ्याने फुगत होती आणि फटाफट आपटत होती. मला हसू आले. मग मी हातातला चहा मोरीत ओतून दिला.

त्याच आठवड्यात चौदा नंबरच्या पश्चिमेच्या भिंतीवरही एक ताडपत्री दिसू लागली. तीही निळी. पावसाळ्यात अख्ख्या तालुक्यात दुसऱ्या रंगाची ताडपत्री मिळणे अवघड.

अध्यक्षांनी पुण्याहून तिचा फोटो पाठवला. कोणीतरी त्यांना पुरवला असणार. मागोमाग फोन.

“मॅडम, नोटीस काढा. विनापरवाना बाह्य बदल. तीन दिवसांत उतरवा म्हणावं.”

“साहेब, तुमच्या गच्चीवरही आहे.”

“ते तात्पुरतं आहे.”

“त्यांचंही तात्पुरतंच…”

“मॅडम,” ते हसले, “तुम्ही सचिव आहात की त्यांच्या वकील?” आणि मग, लाडीगोडीने, “आणि असं करा, तुम्हीच नेऊन द्या. वॉचमन नको. तुमचं बोलणं गोड आहे.”

मी नोटीस लिहिली. लिहिण्याआधी नाही म्हणता येते, हे मला माहीत होते. पण लिहायला बसल्यावर मला वेगळेच भान आले. पहिल्या मसुद्यात ‘ताडपत्री काढून टाकावी’ असे होते. ते मला कर्कश वाटले. मी ते खोडले आणि ‘उतरवून घ्यावी’ केले. वाक्य पुन्हा वाचले, लय जमली होती. त्या बदलाने मला बरे वाटले. मी काहीतरी माणुसकीचे केले असे वाटले. त्या बरे वाटण्याची मला आजही किळस येते. खजिनदारांच्या विनोदाचीही इतकी येत नाही. ते निदान जे होते ते तोंडाने बोलले.

पुढचे आधी सांगून टाकते, म्हणजे त्याची वाट पाहायला नको. नोटिशीत म्हटल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी ताडपत्री उतरली. मुलीने स्वतः शिडीवर चढून उतरवली, पावसात, आणि घडी घालून ओसरीवर ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी. ऑगस्टमध्ये आबांना दवाखान्यात ठेवावे लागले, आणि तिथून ते परत आले नाहीत; त्यांच्या बहिणीने त्यांना आंदर मावळातल्या आपल्या गावी नेले. तिथे घर मातीचे आहे, पण कोरडे आहे म्हणे. सप्टेंबरच्या सभेत पत्रा मंजूर झाला. सायीच्या रंगाचा, ‘सहानुभूतिपूर्वक विचार करून’. तो शब्दप्रयोग माझा नाही. सभेत मी राजीनामा वाचून बाहेर पडले होते. राजीनामाही छान लिहिला होता, लोकांनी वाखाणला. अध्यक्षांची ताडपत्री दसऱ्याला निघाली. पत्रा आता जागेवर आहे, भिंतीपासून चार बोटे सोडून, मधे वारा खेळता ठेवून. त्याच्या आडची खोली रिकामी आहे. माझी जाळी मी काढलेली नाही. काढली असे लिहिता आले असते, तर या कागदाला शोभले असते. मधुमालती यंदाही बहरली आहे.

आता ती दुपार.

नोटीस प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मी चौदा नंबरला गेले. छत्रीचा काही उपयोग नव्हता. पाऊस छत्रीखालून येत होता. मुलगी कामावर होती. आबांनी दार उघडले आणि एका हाताने चौकट धरून बाजूला झाले.

“या, बाई. आलात म्हना.”

मे महिन्यातल्या माझ्या शब्दाची आठवण त्यात होती की नव्हती, मला कळले नाही. मी चप्पल काढली. पाय पुसायला त्यांनी पोते पुढे सरकवले. बाहेरच्या खोलीत सगळे लखलखीत होते. फरशी, पितळी तांब्या, भिंतीवरचे कॅलेंडर. ते मला तिथे बसू देतील असे वाटले. पण ते भिंतीच्या आधाराने आतल्या खोलीकडे चालू लागले आणि मी त्यांच्या मागून गेले.

खाट खोलीच्या मधोमध होती. भिंतींपासून तोडून, चार पायांखाली चार विटा देऊन, एखाद्या बेटासारखी. पश्चिमेच्या भिंतीपाशी जमिनीलगत एक मोठा पिवळा दिवा जळत होता, उजेडासाठी नव्हे, उबेसाठी. बाहेरून ताडपत्रीचे फटकारे ऐकू येत होते. त्या आवाजाने निदान काहीतरी अडवले जाते आहे, असे वाटत होते. आबा खाटेवर बसले. खोकल्याची एक उबळ आली. ती संपेपर्यंत आम्ही दोघेही थांबलो. मग त्यांनी उशीखालून चष्मा काढला आणि हात पुढे केला.

मी नोटीस दिली.

त्यांनी ती बोट फिरवत वाचली, एकेक शब्द, सिग्नलखालची पाटी वाचावी तशी. मी उभीच होते. वाचून झाल्यावर त्यांनी कागद उलटा करून पाहिला, मागे काही आहे का म्हणून.

“अक्षर लय झाक हाय, बाई.”

“आबा…”

“‘उतरवून घ्यावी.’ व्हय. घिऊ की उतरवून.” त्यांनी कागदाची घडी घातली, होती तशीच्या तशी. “त्यो मे महिन्यातला कागदबी तुमचाच न्हवं? पोरीनं वाचून दावला मला. भित कोरडी हाय म्हनून.”

“त्या दिवशी ती होती कोरडी,” मी म्हणाले. माझा आवाज मला ऐकू आला, आणि तो खरोखर गोड होता.

“व्हती. उन्हाळा व्हता न्हवं.” ते हसले, समोरचे दोन दात नव्हते. “घाटात आमच्याकडंबी सायब यायचे पाहनीला. डोंगराच्या अंगाला दगडी भिती हायती, तेंच्यातनं पानी निघायला भोकं ठिवत्यात. तुंबली भोकं की भित फुगती आन येती रुळावर. सायबबी मे महिन्यातच यायचे. त्येंनाबी भित कोरडीच दिसायची. पर एक सांगू? त्ये इचारायचे. ‘कुटं पाझरतीया रं गड्या?’ आमी दावायचो. मग त्ये डोक्यावरली टोपी काढायचे आन तितं कान लावायचे भितीला. हातुडीनं ठोकायचे. आमी म्हनू तितं कान लावायचे, बाई. सायब असून.”

“आबा, नियम सगळ्यांना सारखा…” मी सुरू केले आणि थांबले. त्या निळ्या फटकाऱ्यांतून, अध्यक्षांच्या गच्चीवरून, मला दुसरेही फटकारे ऐकू येत होते.

त्यांनी ते वाक्य पुरे करायला मला भरपूर वेळ दिला. मग ते उठले. उठताना त्यांनी माझ्या मनगटाचा आधार घेतला. त्यांचा तळवा खरखरीत आणि थंडगार होता. आम्ही दिव्याच्या पिवळ्या उजेडात भिंतीशी गेलो. जवळून ती भिंत भिंतीसारखी राहिली नव्हती. छातीपर्यंत काळसर हिरवी बुरशी चढली होती, मखमलीसारखी दाट, आणि तिच्या कडेला पांढरा क्षार फुलून आला होता. आबांनी अंगठा दाबला. गिलावा आत गेला, ओल्या पेंडीसारखा, आणि त्यांच्या नखात भरून राहिला.

मी मागे सरले. त्यांनी मनगट सोडले नाही. जोर नव्हता त्या पकडीत. सोडवून घेता आली असती. त्यांनी मला हळूच पुढे घेतले, लहान मुलाला देवळातल्या घंटेशी न्यावे तसे, माझा चेहरा त्या काळ्या मखमलीपासून वीतभर अंतरावर येईपर्यंत. माझा श्वास मी धरून ठेवला होता. त्यांनी ते पाहिले. आणि अगदी साध्या आवाजात, चहा घ्या म्हणाले होते त्याच आवाजात, म्हणाले,

“हुंगा.”